मागची खोली, दोन ट्यूब आणि मिरचीची रोपं

इंदूर, १ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, मागच्या खोलीत रोपं वाढवायला तुम्ही म्हणताय तो जांभळा दिवा मागवू नका. फोनवर कारण सांगायला लागलो की आई फोन हातात घेते आणि गाडी माझ्या जेवणावर येते, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. वाचून झालं की कागद मागच्या खोलीच्या दाराला चिकटवून ठेवा.

जांभळ्या दिव्यात फक्त लाल आणि निळे एलईडी असतात. पानं हे दोन रंग जास्त शोषतात हे खरं, पण हिरवा प्रकाशही वाया जात नाही, तो पानात खोलवर पोचतो आणि कामी येतो. साध्या पांढऱ्या एलईडीत हे सगळे रंग असतात. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच कळत नाही, आणि त्या खोलीत बसून पेपर वाचायचा म्हटलं तर डोकं दुखेल. चार फुटी, वीस वॅटच्या दोन पांढऱ्या ट्यूब घ्या. पट्टीसकट येतात, दुकानदार त्यांना बॅटन म्हणतात. खोक्यावर ६५०० के लिहिलेलं बघा, म्हणजे उजेड दिवसासारखा पांढरा. महाराज बाड्यावरच्या बाजारात कुठल्याही विजेच्या दुकानात मिळतील. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा लागायची वाट मात्र बघू नका. १९०५ पासून ग्वाल्हेरकर आपली खरेदी मेळ्यापर्यंत लांबवत आलेत, पण मेळा भरात येईपर्यंत जानेवारी उजाडतो आणि मिरचीला तेवढा उशीर परवडत नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा: ‘खोलीत ट्यूब आहेच की, लख्ख उजेड असतो.’ तो तुमच्या डोळ्यांना लख्ख आहे. आपली बाहुली अंधारात मोठी आणि उन्हात लहान होते, त्यामुळे दोन्हीकडे आपलं भागतं आणि फरक कळत नाही. झाडाला अशी सोय नाही. स्वच्छ दिवशी दुपारी गच्चीवर साठ हजारांपासून लाखापर्यंत लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो. भिंतीवर वरच्या बाजूला लावलेली तुमची ट्यूब टेबलावर जेमतेम शे-दोनशे लक्स देते. मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं, त्यात एकदा स्वतःच बघा. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाजाला पुरतो. माझ्यापेक्षा तुमचा त्याच्यावर लवकर विश्वास बसेल.

हीच ट्यूब पानांपासून अर्ध्या वितीवर आणली की दोन ट्यूबमध्ये मिळून सात-आठ हजार लक्स पडतो. रोपांना एवढा चालतो. खरी युक्ती दिव्यात नाही, अंतरात आहे. लांबट ट्यूबचं अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण निम्म्यावर येतो. म्हणून ती छताला ठोकायची नाही, साखळीने टांगायची आणि रोपं वाढतील तशी एकेक कडी वर घ्यायची. एलईडी फारसा तापत नाही, त्यामुळे पानं जवळ आली तरी लगेच करपत नाहीत. रोपं बारीक, लांब आणि फिकी होऊन एका बाजूला कलायला लागली तर त्यांना उजेड कमी पडतोय. अशा वेळी खत घालू नका, ट्यूब खाली आणा.

माझं जुनं अभ्यासाचं टेबल तिथेच आहे, त्यावर लोखंडी मांडणीचा एक कप्पा ठेवला की साखळी अडकवायला आडवी पट्टी मिळेल. मागे आणि दोन्ही बाजूंना पांढरा कार्डशीट लावा, कडेला सांडणारा उजेड परत येतो. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बाबा, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही, हे मी आईसाठी लिहितोय. बोर्ड टेबलाच्या वर असावा, आणि वायर बोर्डात जाण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी ओघळलंच तरी बोर्डात शिरणार नाही.

इंदूरला हा खटाटोप मी करत नाही. इथे रात्री गारठा असतो, पण सकाळी नऊला गच्चीवर कडक ऊन येतं आणि रोपं बाहेरच होतात. तुमच्याकडे जानेवारीत कोहरा बसला की दुपारपर्यंत समोरचं घर दिसत नाही. आधीच दिवस साडेदहा तासांचा, त्यातले उन्हाचे मोजकेच. पाला पडला, म्हणजे रात्री दंव गोठलं, तर मिरची-वांग्याची कोवळी रोपं एका रात्रीत काळी पडतात. मग फेब्रुवारी उजाडल्यावर बी टाकायचं का? इथेच घोळ आहे. परदेशी व्हिडिओत लोक दिव्याखाली बी लावतात ते त्यांचा उन्हाळा छोटा म्हणून. आपला उन्हाळा छोटा नाही, दांडगा आहे. फेब्रुवारीत पेरलेला टोमॅटो एप्रिलच्या मध्यावर फुलावर येतो, आणि पारा पस्तीस-अडतीसच्या पुढे गेला की फूल गळतं, फळ धरत नाही. पुढे मे महिन्यात पंचेचाळीस. म्हणजे पाला संपल्यापासून लू सुरू होईपर्यंत जो काळ मिळतो त्यात रोप बाहेर तयार उभं असायला हवं. या दोन ट्यूब तुम्हाला तेवढा दीड महिना मिळवून देतील. एवढ्यासाठीच हा खर्च मला पटतो, नाहीतर मीच नको म्हणालो असतो.

खर्चही ऐका. चाळीस वॅट, सोळा तास, म्हणजे दिवसाला ०.६४ युनिट. महिन्याचे वीस युनिटसुद्धा होत नाहीत. सात रुपये युनिट धरलं तरी दीडशेच्या आत.

सोळा तास म्हणजे पहाटे पाच ते रात्री नऊ. रात्रभर चालू ठेवू नका. टोमॅटोला चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडतात. प्लगमध्ये खोचायचा टायमर घ्या, म्हणजे पहाटे उठून बटण दाबायला नको. खाचा फिरवायचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो, तेव्हा वीज जाऊन आली की घड्याळाशी जुळवून घ्या. बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा आकडेवाला टायमर मिळाला तर ही कटकट राहणार नाही.

आई, तुझी शेवंती मात्र या खोलीत चुकूनही आणू नकोस. तिला कळ्या धरायला रात्र मोठी लागते. दिव्याखाली सोळा तासांचा दिवस मिळाला की ती नुसती पानं वाढवत बसेल. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० साली हे तंबाखूच्या एका जातीवर दाखवलं. ती उन्हाळ्यात नुसती उंच वाढायची आणि काचघरात हिवाळ्यातच फुलायची. थंडी, खत, पाणी सगळं तपासल्यावर कारण निघालं दिवसाची लांबी. पुढे कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. तेव्हा शेवंतीच्या कुंड्या अंगणात, रस्त्याच्या दिव्यापासून लांब ठेव.

बाकी कुंड्यांपैकी बऱ्याच जणींना दिव्याची गरजच नाही. सगळ्यांना आत आणायचा बाबांचा बेत मला अजिबात पसंत नाही. अळूची पानं गळली म्हणजे अळू गेला असं नाही. कंद मातीत झोपलेत, पाणी बंद ठेवा, मार्चमध्ये फुटतील. हळदीचंही तेच. अडेनियमने पानं टाकली तर टाकू द्या. व्हरांड्यात कोरडा ठेवा, थंडीत पाणी घातलं तर बुंधा सडतो. मोगरा बाहेरच राहू दे, जानेवारी सरताना छाटा. कढीपत्ता दक्षिणेच्या भिंतीला टेकवा आणि पाल्याच्या रात्री जुनी चादर टाका, पण सकाळी काढायला विसरू नका. आत येऊ दे ती नागवेल, आणि तो लहान जास्वंद. त्यांना ट्यूबच्या कडेचा उजेड पुरेल. आणण्याआधी पानांच्या पाठी बघा. पिठ्या ढेकूण दिसला तर कडुनिंबाच्या तेलाचा फवारा मारून आठवडाभर वेगळं ठेवा.

आई, तुळशीचं मला माहीत आहे, वृंदावनातून ती हलणार नाही. ओढणी घाल, पण तरीही जानेवारीत वाळली तर वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणून एक करून ठेव. आताच मंजिऱ्या खुडून बी काढ आणि एका ट्रेमध्ये मातीवर नुसतं भुरभुर, वरून माती घालू नकोस. उजेडाखाली रोपं येतील आणि होळीच्या सुमारास वृंदावनात नवीन तुळस लावता येईल.

मिरची आणि वांगं याच आठवड्यात, टोमॅटो पंधरा-वीस दिवसांनी. मिरचीत पुसा ज्वाला, टोमॅटोत पुसा रूबी, कारण त्यांचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. संकरित वाणाचं बी धरून तशीच झाडं येत नाहीत. मिरचीला उगवायला उजेड नको, ऊब हवी, पंचवीस ते तीस अंश. तुमची खोली रात्री तेराच्या पुढे जात नसेल. बी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात गुंडाळून बंद डब्यात घाला आणि डबा सेट-टॉप बॉक्सजवळ ठेवा, तिथे नेहमी ऊब असते. मोड दिसले की कोकोपीट (नारळाचा भुसा) आणि गांडूळखताच्या ट्रेमध्ये लावा, आणि कोंब वर आला की त्याच दिवशी ट्यूबखाली. खोली गरम करायला सिगडी पेटवून दार लावून घेऊ नका. कोळशाचा वायू कळतही नाही आणि माणूस झोपेतच जातो. मिरची चार दिवस उशिरा आली तर येऊ दे.

पाणी वरून ओतू नका. ट्रे पसरट ताटात ठेवा, खालून शोषू द्या, उरलेलं काढून टाका. वरची माती सतत ओली राहिली की बुरशी धरते आणि रोपं बुडातून कोलमडतात, मग उपाय नसतो. दुपारी तासभर टेबलफॅन सगळ्यात हळू लावा. त्याने माती सुकते आणि हलून हलून खोडही जाड होतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर रोपं एकदम उन्हात नेऊ नका. ट्यूबखाली वाढलेलं पान कोवळं असतं, गच्चीच्या उन्हात पांढरं पडतं. पहिल्या दिवशी तासभर सकाळचं ऊन, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण दिवस. कुंड्या गच्चीवर नेण्यासाठी मी येतो, त्या तुम्ही उचलायच्या नाहीत. तारीख आईने ठरवावी, आणि तेव्हा मुरैन्याची तिळाची गजक घरात असेल असं बघावं.

ट्यूबचं बिल मला पाठवा, आणि टांगून झाल्यावर मोबाईलवर लक्स किती आला तो आकडा कळवा. पाच हजारांच्या खाली असेल तर साखळी आणखी दोन कड्या सोडा.

तुमचा,
धाकटा