सल्फाइट टाळले तर कष्ट वाढतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील फ्रान्सच्या नैसर्गिक वाइनवरचा लेख वाचला. अशी वाइन करणारा बागायतदार काहीच करत नाही, सारे निसर्गावर सोडून देतो, असा लेखाचा सूर आहे. प्रत्यक्षात सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवण्यासाठी एरवी घातले जाणारे गंधकाचे संयुग, टाळायचे ठरवले की काम वाढते आणि त्यातले बरेचसे तोडणीआधीच उरकावे लागते. या विचाराचा पाया घालणारे, फ्रान्समधल्या बोजोले या वाइन प्रदेशाचे ज्यूल शोव्हे (निधन १९८९) रसायनशास्त्र जाणणारे वाइन व्यापारी होते, हेही विसरू नये.

आधी बाग. ओल्या वसंतात वेलीवर केवडा हा बुरशीचा रोग येतो आणि सेंद्रिय बागेत त्यावर मुख्य उपाय तांब्याचाच, म्हणजे बोर्डो मिश्रणासारख्या (मोरचूद आणि चुना) फवाऱ्यांचा. युरोपीय संघात तांबे सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंपेक्षा जास्त वापरता येत नाही. ते पानाच्या वरवरच राहते, आत शिरत नाही. त्यामुळे फवारणी पावसाच्या आधीच हवी, आणि २०-२५ मि.मी. पाऊस पडला की पुन्हा फवारणी आलीच. पाऊस आठवडाभर लागून राहिला आणि उतारावरच्या चिखलात ट्रॅक्टर शिरेना, तर त्या साली घड हातचे गेलेच म्हणून समजा. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगावर गंधक चालते. मात्र तोडणीच्या तोंडावर मारले तर ते रसात उतरते आणि वाइनला सडक्या अंड्यांचा वास धरतो.

तोडणी हातानेच, उथळ क्रेटमध्ये. कुजके मणी तिथल्या तिथे कात्रीने काढायचे, कारण त्यांच्यासोबत येणारे व्हिनेगरचे जिवाणू दाबायला इथे सल्फाइट नसते. एरवी तळघरात निस्तरता येणारी चूक इथे अंगाशी येते.

बोजोलेत गामे जातीचे अख्खे घड कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. न फुटलेल्या मण्यांच्या आतच साधारण दोन टक्क्यांपर्यंत अल्कोहोल तयार होते, मग मणी फुटू लागतात. खरा धोका यापुढे. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते तशी रसाची घनता उतरते; ती लिटरला १०९० ग्रॅमच्या आसपास सुरू होऊन ९९५ च्या खाली यायला हवी. ती रोज मोजायची, तापमानासह. टाकी फार तापली तर यीस्ट मरते. समजा घनता १०१० वर अडली, तर उरलेल्या साखरेवर लॅक्टिक जिवाणू तुटून पडतात आणि अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचे आम्ल, वाढवतात. युरोपीय नियमानुसार लाल वाइनमध्ये ते लिटरला साधारण १.२ ग्रॅमपर्यंतच चालते. त्यापुढे तो माल वाइन म्हणून विकता येत नाही.

‘यात सल्फाइट अजिबात नसते’ हे लेखातले विधानही दुरुस्त करायला हवे. यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेले की लेबलवर ‘सल्फाइट आहे’ असे छापावे लागते, मग बाटलीत कणभरही घातलेले नसो. फ्रान्समध्ये २०२० पासून ‘व्हँ मेतोद नात्यूर’ (नैसर्गिक पद्धतीची वाइन) हे चिन्ह आहे. त्यासाठी द्राक्षे सेंद्रिय, तोडणी हाताने, यीस्ट बागेतले-तळघरातलेच, गाळण नाही, झटपट पाश्चरीकरणही नाही. आंबवण संपल्यावर थोडे सल्फाइट घालता येते, पण लिटरला एकूण ३० मिलिग्रॅमच्या आत, आणि त्याचा बिल्ला वेगळा. साध्या सेंद्रिय लाल वाइनला १०० पर्यंत मुभा आहे, इतर लाल वाइनला १५०.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही तो दोष म्हणजे उंदराचा वास. नाकाला तो कळत नाही, कारण वाइनच्या आम्लतेत ती द्रव्ये उडत नाहीत. घोट गिळला, लाळेने आम्लता कमी झाली, की काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव मागे रेंगाळते. म्हणून बाटलीत भरण्याआधी ग्लासभर वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून हुंगतात. वास आलाच तर पिंपे भरून, झाकून, न हलवता काही महिने ठेवायची. हवा लागली की तो बळावतो. बऱ्याचदा ओसरतो. नाहीच ओसरला, तर तो माल शेवटी भट्टीवर ऊर्ध्वपातनासाठी जातो.

— एक वाचक