सिंहगडाला पायऱ्या नकोत, आधी शॉर्टकट बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहगडाची आतकरवाडीची, म्हणजे पायथ्याच्या गावातून चढणारी, वाट घसरडी झालीय, तिथे सिमेंटच्या पायऱ्या करा, रेलिंग लावा असं अधूनमधून कानावर येतं. वाट खराब झालीय हे शंभर टक्के खरंय, पण ती कशामुळे झाली ते कोणी बघतच नाही, आणि ते न बघता पायऱ्या केल्या तर पैसेही जाणार आणि वाटही जाणार.

मूळ वाट बघा, ती वळणं घेत घेत चढते. पायथ्यापासून गडाच्या पुणे दरवाजापर्यंत साधारण ६०० मीटरची चढाई आहे, आणि डोक्यावर दह्याची मडकी, पिठाची पोती घेऊन रोज वर जाणाऱ्या गावकऱ्यांना काही नाकासमोर सरळ चढून परवडत नाही, त्यामुळे वाट वळवत नेलेली आहे. आता आपण शहरवाले काय करतो, तर दोन वळणांच्या मधून सरळ उभे चढतो, कारण स्ट्राव्हावर (चालण्या-धावण्याची वेळ नोंदवणारं ॲप) चाळीस मिनिटांचे पस्तीस करायचे असतात, आणि उतरताना तर विचारूच नका, पोरं धावतच सुटतात. एकाने केलं की मागचे पन्नास जण तिथूनच, महिन्याभरात तिथली करवंदाची जाळी तुडवून सपाट, आणि पावसाळा आला की सगळं पाणी मूळ वाट सोडून या उभ्या घळीतून खाली येतं. माती जाते, उरतो खाली कातळ आणि वर सुटा मुरूम, म्हणजे मोहरी सांडलेल्या फरशीवरून चालल्यासारखंच. मग लोक घसरायला नको म्हणून कडेच्या गवतातून चालतात आणि वाट अजून रुंद होते. मधल्या लिंबू सरबतवाल्यांच्या टपऱ्यांच्या वरच्या अंगाला उभं राहून खाली बघितलं की दिसतं, एका वाटेच्या चार-चार वाटा झाल्यात आणि मधल्या झाडांची मुळं उघडी पडलीत.

आपला सह्याद्री बेसाल्टचा आहे, लाव्हाच्या थरांवर थर, कठीण कातळाच्या मध्ये ठिसूळ थर, त्यावर माती अगदी पातळ. ती एकदा वाहून गेली की आपल्या हयातीत परत तयार होत नाही. त्यात चार महिने धो धो पाऊस. अशा ठिकाणी सिमेंट टाकलं तर पाणी पायरीच्या कडेने वाट काढतं, खालची माती पोखरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पायरी अधांतरी लटकते, हे कुठल्याही डोंगरातल्या म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल. शिवाय एकसारख्या उंच पायऱ्या उतरताना गुडघ्यांची जी वाट लागते ती वेगळीच (माझी पन्नाशी उलटलीय, त्यामुळे हा मुद्दा जरा जिव्हाळ्याचा आहे).

उपाय फार खर्चिक नाहीये. शॉर्टकटच्या दोन्ही तोंडांशी काटेरी फांद्या आणि मोठे धोंडे टाकून ते बंद करायचे. मूळ वाटेवर थोड्या थोड्या अंतराने तिथलेच दगड तिरपे रोवायचे म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला वळतं. जिथे माती पार गेलीय तिथे सुक्या दगडांचा बांध, बिनसिमेंटचा, पाणी त्यातून झिरपून जातं. हे काम बांध घालणारा कुठलाही शेतकरी करू शकतो, त्याला कन्सल्टंट लागत नाही! घाटरस्त्याने येणाऱ्या गाड्यांकडून उपद्रव शुल्क (गाडी वर नेण्याची फी) घेतलं जातं, त्यातला थोडा वाटा पायवाटेसाठी ठेवला आणि आतकरवाडीच्याच लोकांना या कामाची मजुरी दिली तर काय हरकत आहे? चालणाऱ्यांकडूनही दहा-वीस रुपये घ्या की, आम्ही वर पिठलं-भाकरी आणि कांदाभज्यांवर त्याच्या कितीतरी पट उडवतो.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १२ किल्ले गेले, राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड वगैरे, त्यात सिंहगड नाही. पण गर्दीला यादीशी काय देणंघेणं, स्वारगेटहून ५० नंबरची बस पकडली की पायथा, त्यामुळे पुण्यात नवीन आलेला आयटीवाला पहिला ट्रेक इथेच करतो आणि हिमालयात जाणारे पाठीवर वजन घेऊन सरावही इथेच करतात. यायलाच पाहिजे, माझी काही तक्रार नाही. फक्त गुळगुळीत तळव्याचे जिमचे शूज घालून येऊ नका, वर चढणाऱ्याला आधी वाट द्या, आणि पायाखालून दगड सुटला तर 'दगड!' म्हणून जोरात ओरडा. परवा मुठीएवढा एक दगड माझ्या कानाजवळून गेला आणि ज्याच्या पायाखालून सुटला तो कानात इअरफोन घालून निवांत पुढे गेला, त्याला पत्ताही नाही.

ट्रेकिंग ग्रुपवाल्यांनाही एक विनंती, दर रविवारी पन्नास-पन्नास जणांच्या बॅच आणता तर लीडरला सांगा की वळण कोणी तोडायचं नाही, लीडरने तोडलं नाही तर मागचेही तोडत नाहीत. आणि दुरुस्तीचं काम काढायचंच असेल तर ते एप्रिल-मेमध्येच काढावं लागेल, जूनमध्ये निविदा काढून उपयोग नाही, तोवर घळ अजून हातभर खोल गेलेली असेल.

आपला,
सिंहगडाचा एक नेहमीचा पायी वारकरी, धायरी, पुणे