वरून तांबं, आत अ‍ॅल्युमिनियम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली आहे. बाजारात दिव्यांच्या माळा लागल्या आहेत आणि त्यांच्या बाजूलाच स्पीकरच्या पारदर्शक वायरींची तांबडी, चकचकीत भेंडोळी. आरतीसाठी, भजनासाठी, घरी आलेल्या नव्या म्युझिक सिस्टिमसाठी लोक ती मीटरवर मोजून नेतील. त्याआधी हे पत्र छापून यावं, म्हणून घाईने लिहीत आहे.

मी २८ वर्षं व्यापारी जहाजांवर विद्युत अधिकारी होतो. आता गोव्यात, वास्कोतल्या बोगदा भागात राहतो. घर समुद्राच्या इतकं जवळ की पावसाळ्यात खिडकीच्या गजावरून फिरवलेलं बोट जिभेला खारट लागतं. १९८९ साली सिंगापूरहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायची तबकडी), शिवाय नंतर इथे घेतलेले ६ ओहमचे दोन स्पीकर, एवढी माझी सिस्टिम.

गेल्या मे महिन्यात सांग्याहून माझे मामा आले. वय ८४. मूळचे कुर्डीचे, माझ्या आईचं माहेर ते. गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे वर येतात आणि जुने गावकरी तिथे जाऊन येतात. मामा त्या दिवशी तिथूनच आले होते, चपलांना तिथली माती होती. चहा झाल्यावर म्हणाले, "मोगूबाईंचं काहीतरी लाव." गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ चा. ज्या गावावरून आडनाव पडलं ते गाव आता वर्षाचे बरेच महिने दिसत नाही. गाणं मात्र आहे. मी लावलं. दोन मिनिटांत मामांनी विचारलं, "बाई त्या कोपऱ्यात का रे बसल्यात?"

त्यांचा कान बरोबर होता. जुनी ध्वनिमुद्रणं मोनो असतात, म्हणजे दोन्ही स्पीकरांना अगदी तेच पोचतं. त्यामुळे आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, जणू माणूस समोर बसल्यासारखा यायला हवा. माझ्याकडे तो उजवीकडे सरकला होता. डावा स्पीकर कमी वाजत होता, आणि हे किती महिने चाललं होतं कोण जाणे. कुणालाही सिस्टिम तपासायची असेल तर ही कसोटी सांगतो: एखादं जुनं मोनो गाणं लावा, बरोबर मध्ये बसा आणि डोळे मिटा.

मामा गेल्यावर मी शोध घेतला. आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे स्पीकरच्या वायरींची डावी-उजवी अदलाबदल केली. तरी ज्या वायरीवर दोष होता, त्याच वायरीवरचा स्पीकर दबका राहिला. मग दोन्ही स्पीकर एकमेकांच्या जागी ठेवले. दोष पुन्हा त्याच वायरीला चिकटलेला. अ‍ॅम्प्लिफायर सुटला, स्पीकरही सुटले. वायर दोन वर्षांपूर्वी घेतलेली, २० मीटर, रिळावर 'ऑक्सिजन फ्री कॉपर, १.५ स्क्वेअर एमएम' असं ठळक छापलेलं. स्पीकरच्या स्प्रिंगच्या चापातून टोक ओढलं तर पांढरी भुकटी हातावर आली आणि तारांचे तुकडे पडले. तांबं सडलं तर हिरवं पडतं. पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम.

पात्याने एक बारीक तार खरवडली. वर तांब्याचा पातळ मुलामा, आत पांढराशुभ्र धातू. याला बाजारात 'सीसीए' म्हणतात, म्हणजे 'कॉपर क्लॅड अ‍ॅल्युमिनियम', तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. हा धातू जगभर विकला जातो आणि तसं लिहून विकला तर त्यात गैर काही नाही. पण अ‍ॅल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. मी वायरीतून १ अँपिअर प्रवाह सोडला आणि टोकांमधला व्होल्टेज मोजला, कारण साध्या मल्टिमीटरला इतका कमी रोध नीट मोजता येत नाही. डाव्या बाजूची वायर ७ मीटर, जाऊन-येऊन १४. खऱ्या तांब्याच्या १.५ स्क्वेअर एमएमला १६० मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवे होते. सडलेली टोकं कापून टाकल्यावरही मीटर २५० दाखवत होता.

आता खरं तेवढंच सांगतो. १ अँपिअरला २५० मिलिव्होल्ट म्हणजे पाव ओहम रोध. ६ ओहमच्या स्पीकरपुढे त्याने आवाजात अर्ध्या डेसिबलहूनही कमी घट होते. मामांच्या कानालाही ती कळली नसती. बाईंना कोपऱ्यात नेलं ते टोकाच्या सांध्याने. वायरीचं अ‍ॅल्युमिनियम आणि चापाचं पितळ एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारट ओल आली की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. वर त्याच्या पृष्ठभागावर हवेनेच एक थर धरतो, त्यातून वीज जात नाही. कोरड्या हवेच्या शहरात ही वायर दहा वर्षं काढेल. वास्को, पणजी, हरमल, काणकोण इथे तिला दोन पावसाळे पुरे होतात.

जहाजावर आम्ही डेकजवळ साध्या तांब्याची वायरही वापरत नसू. तिथे कलई केलेलं तांबं लागतं. आपल्या घरातल्या पितळेच्या टोपांना कलई होते, तशीच या वायरीच्या प्रत्येक बारीक तारेला कथलाची कलई असते. खारी हवा कथलाला लवकर खात नाही आणि सोल्डर, म्हणजे सांध्यासाठी वितळवतात तो मिश्रधातू, त्यावर पाण्यासारखं पसरतं. ही वायर दिसायला पांढरी. खरवडली की आत तांबडी. म्हणजे फसवणुकीच्या वायरीच्या नेमकं उलट, आणि चकचकीत तांबडं बघून भुलणारा माणूस नेमकी हीच वायर बाजूला सारतो. मी जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून २.५ स्क्वेअर एमएमची दुहेरी वायर ११ मीटर घेतली, ७ आणि ४ चे तुकडे केले. तेवढं मिळत नसेल तर घराच्या वायरिंगची आयएसआय खुणेची, 'आयएस ६९४' लिहिलेली बहुतारी तांब्याची वायर घ्या, दोन तारा एकमेकींना पीळ द्या. दिसायला साधी, काम चोख.

टोकांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरी केबल बनवणारे बहुतेक जण इथेच चुकतात आणि मीही जहाजावर चढलो त्या वर्षी चुकलो होतो. स्क्रूखाली आवळायच्या टोकाला सोल्डर लावून ते घट्ट करायचं, असं अनेकांना वाटतं. नका करू. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली महिनोन्‌महिने हळूहळू पसरत जातं आणि स्क्रू आपोआप सैल पडतो. स्क्रूसाठी क्रिम्पिंगची, म्हणजे तारेवर दाबून बसवायची, तांब्याची, कलई केलेली टोपी किंवा लग घालायचा आणि क्रिम्पिंगच्या योग्य पक्कडीनेच दाबायचा. साध्या पकडीने चेपटवलेला लग हा लग नव्हे. सोल्डर वापरायचं ते प्लगच्या वाटीत. वाटी आधी तापवायची, मग तारेला आणि वाटीला मिळून सोल्डरिंगची तापलेली इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) टेकवायची आणि सोल्डरची तार इस्त्रीला नव्हे, धातूला लावायची. धातू पुरेसा तापला असेल तर ते आपणहून ओढलं जातं. ६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर १९० अंशांपर्यंत पुरतं वितळतं. सांधा थिजेपर्यंत हात हलवायचा नाही. थिजल्यावर तो चकाकला पाहिजे. मातकट, दाणेदार दिसला तर तो कच्चा सांधा; आज वाजेल, आषाढात खरखरेल. नळकाम करणाऱ्यांचं आम्लाचं फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून धातू साफ करणारं द्रव्य) इथे कधीही वापरू नये. राळेचंच घ्यावं. शेवटी आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवून तापवली की डिंक बाहेर डोकावतो आणि ओल आत शिरायची वाट बंद होते. ही नळी साध्या नळीहून थोडी महाग पडते, पण आपल्या किनाऱ्यावर माझ्या मते तिला पर्याय नाही.

स्पीकरच्या केबल झाल्यावर टर्नटेबलकडे वळलो. तिथली गोष्ट वेगळी. सुईकडून येणारा संकेत अवघ्या ५ मिलिव्होल्टच्या घरातला, त्यामुळे जाडीला महत्त्व नाही. महत्त्व जाळीच्या कवचाला आणि केबलच्या कपॅसिटन्सला, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या तिच्या क्षमतेला. माझ्याकडची जुनी केबल ३ मीटर लांब होती, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. माझ्या कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या भागाच्या) कागदावर एकूण १५० ते ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स लिहिलं आहे. त्याच्या वर गेलं की वरचे स्वर एका ठिकाणी टोचू लागतात आणि त्यापुढचे गळून जातात. हार्मोनियमची पट्टी कर्कश लागायची ती यामुळेच, आणि मी उगीच पेटीवाल्याला बोल लावत होतो. ७५ ओहमच्या चांगल्या तांब्याच्या कोअ‍ॅक्सियल केबलला मीटरमागे ५५ ते ७० पिकोफॅरड येतात. मी सव्वा मीटरचे दोन तुकडे केले. इथेही एक सावधगिरी: टीव्हीच्या डिशसाठी विकतात त्या कोअ‍ॅक्सियलची मधली तार पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असते. चुंबक लावून पाहा. ती सोल्डर होते खरी, पण दोन-चार वेळा वाकवली की प्लगपाशी सांधा सोडते.

गुणगुण येत असेल तर तिचं मूळ ५० हर्ट्झच्या विजेत असतं, आणि पुष्कळदा टीव्हीची केबल व अ‍ॅम्प्लिफायर अशा दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेल्यामुळे ती येते. टीव्हीची वायर काढून पाहा, गुणगुण थांबली तर दोष तिथे. काही जण अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडतात. कळवळून सांगतो, हे करू नका. भिंतीला पाणी झिरपणाऱ्या आपल्या जुन्या घरांत ती पिन जीव वाचवते. जहाजावर अर्थिंग तुटलेल्या पंख्याने एका खलाशाला फेकलेलं मी पाहिलं आहे.

या सगळ्याला प्लगसकट तीन हजारांच्या आत खर्च आला. काही जण केबलच्या एका जोडीलाच वीस-वीस हजार घालतात. त्यांना मी दोष देत नाही, गाण्याच्या प्रेमापोटीच ते देतात. पण पुरेशी जाडी, अस्सल धातू आणि निर्दोष सांधा एवढं झाल्यावर पुढच्या पैशाने माझ्या कानाला फरक पडलेला नाही, आणि मी मित्राकडची तशी जोडी आठवडाभर लावून ऐकली आहे.

ती जुनी वायर घेऊन मी दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "सगळे हीच विकतात, रिळावर लिहून येतं तेच आम्ही सांगतो." तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्याने कधी खरवडूनच पाहिली नसेल. म्हणून गोव्यातल्या इलेक्ट्रिकल दुकानदारांना माझी विनंती आहे: माल घेताना एक तार खरवडा, आणि रिळाजवळ पाटी लावा, 'तांबं' की 'सीसीए'. घाऊक व्यापाऱ्याने बिलावर तांबं लिहून सीसीए दिलं असेल तर ते बिल जपून ठेवा. गिऱ्हाइकांनीही पक्कं बिल मागावं, त्यावर धातू लिहून घ्यावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. देवळांच्या आणि मंडळांच्या मंडपात तर वायर २०-३० मीटर जाते आणि वरून पाऊस असतो. तिथे ही वायर ओढलीच जाऊ नये, असं मला फार वाटतं.

मामा चवथीला येणार आहेत. मी परवा तेच ध्वनिमुद्रण लावून मध्ये बसून पाहिलं. मोगूबाई समोर आहेत.

या पत्रासोबत त्या जुन्या वायरचा वीतभर तुकडा पाठवत आहे. एक टोक मी खरवडलं आहे. दुसरं कृपया आपण कार्यालयात खरवडून पाहावं, आणि शक्य असेल तर त्याचा फोटो पत्राबरोबर छापावा.

आपला नम्र,
एक निवृत्त जहाजी विद्युत अधिकारी
बोगदा, वास्को