चित्र गॅलरीत गेले, पावती कुठे आहे?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कलादालनात विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक चित्रासाठी एकपानी लेखी करार सक्तीचा करण्याबाबत

महोदय,

चित्रांच्या बाजाराची बातमी होते ती लिलावातल्या आकड्यांमुळे. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ला ११८ कोटींच्या घरात किंमत आली, तेव्हा तो आकडा सगळीकडे फिरला. या बाजाराचे रोजचे काम मात्र वेगळेच असते. अमरावतीचा किंवा इचलकरंजीचा चित्रकार चार कॅनव्हास ट्रान्सपोर्टने मुंबईला पाठवतो, गॅलरीतून फोनवर ‘पोचली’ असे कळते, आणि तिथून पुढे त्या चार चित्रांचा मालक कोण, जबाबदार कोण, विकले गेले तर कोणाला किती, याचा एकही कागद दोघांकडे नसतो. लाँड्रीवाला शर्टाची चिठ्ठी देतो. दोन लाखांच्या चित्राची चिठ्ठी नसते.

ही सवय कुठून आली ते सांगायला हवे, कारण तिच्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उभी राहिली तेव्हा चित्रे विकत घेणारी घरे मोजकी होती. केकू गांधींचा मूळ धंदा फ्रेमपट्ट्यांचा. फ्रेमच्या दुकानात ओळखीच्या चित्रकारांची कामे लावता लावता १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर त्यांची केमोल्ड गॅलरी सुरू झाली. पंडोल गॅलरीही त्याच वर्षीची. चित्रकार, गॅलरीवाला आणि गिऱ्हाईक एकमेकांना नावाने ओळखत. तिथे शब्द पुरत होता. आज गॅलरीवाला चित्रकाराला प्रत्यक्ष भेटलेलाही नसतो, चित्र इन्स्टाग्रामवर पाहून मागवतो, तरी व्यवहार अजून त्या जुन्या शब्दावरच चालतो.

आपल्या विभागातल्या अधिकाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दालने दोन प्रकारची असतात. एक, भाड्याची : चित्रकार आठवड्याचे भाडे भरतो, चित्रे स्वतः टांगतो, विक्रीचे पैसे स्वतः घेतो. दुसरी, डीलर गॅलरी : ती भाडे घेत नाही, चित्रे आपल्याकडे ठेवून विकते आणि कमिशन घेते. पूर्वी हे कमिशन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असे, आता बहुतेक ठिकाणी निम्मे. निम्म्यावर चित्रकारांची कुरकुर असते, पण ती फारशी रास्त नाही. दक्षिण मुंबईतली जागा, दिवे, छपाई, उद्घाटनाचा खर्च, वर्षभर गिऱ्हाईक जोडून ठेवणारी माणसे, हे सगळे त्यातूनच भागवायचे असते. भांडण सुरू होते ते ‘निम्मे कशाचे?’ इथे.

उदाहरण घ्या. चित्राची किंमत २,००,००० रुपये. गिऱ्हाईक घासाघीस करतो, १० टक्के सूट मिळते, चित्र १,८०,००० ला जाते. फ्रेमला ८,००० लागलेले आहेत. सूट दोघांनी निम्मी सोसली तर चित्रकाराला ९०,००० मिळतात. गॅलरीने एकटीने सोसली तर १,००,०००. चित्रकाराच्या माथी मारली तर ८०,०००, आणि वर फ्रेमही त्याच्याच हिश्श्यातून कापली तर ७२,०००. एकाच विक्रीत २८,००० चा फरक, आणि चारही हिशेब कुठे ना कुठे ‘प्रथा’ म्हणून सांगितले जातात. त्यात कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण गिऱ्हाईकाला किंमत ‘सगळे धरून’ सांगितली असेल तर १,८०,००० मधून आधी कर बाहेर निघतो, वाटायला १,७१,४२९ उरतात आणि निम्मे होतात सुमारे ८५,७१४. किंमत करासह की कराविना, हे चित्र टांगण्याआधी लिहिलेले नसते. बिल फाडताना ते ठरते, आणि त्या वेळी चित्रकार तिथे नसतो.

बिल कुणाच्या नावाने फाटते हाही किरकोळ प्रश्न नाही. केंद्राच्या सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात चित्रकार आणि लिलावदार हेच उदाहरण घेतले आहे : मध्यस्थाने स्वतःच्या नावाने बिल दिले तर तो एजंट ठरतो आणि चित्रकाराने त्याला दिलेला मालही ‘पुरवठा’, म्हणजे जीएसटीच्या कक्षेतला व्यवहार, धरला जातो. बिल चित्रकाराच्या नावाने असेल तर गॅलरी फक्त सेवा देते आणि कर तिच्या कमिशनवर, १८ टक्क्यांनी. यातले काय लागू होणार हे गॅलरीच्या सीएला माहीत असते. चित्रकाराला नोटीस आल्यावर कळते.

आता ‘घरी नेऊन बघतो’ या प्रकाराविषयी. गिऱ्हाईक किंवा त्याचा इंटिरिअर डिझायनर चित्र भिंतीवर लावून पाहायला नेतो. यात गैर काही नाही, चित्र तसेच विकले जाते. डिसेंबर २०१७ च्या केंद्रीय परिपत्रकानेही हे मान्य केले आहे : नोंदणीकृत चित्रकाराने गॅलरीत पाठवलेले काम ही विक्री नव्हे, ते डिलिव्हरी चलनावर (लागेल तिथे ई-वे बिलासह, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीसह) पाठवायचे आणि बिल प्रत्यक्ष विक्री झाल्यावर करायचे. पसंतीसाठी दिलेल्या मालाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे कागदाची सोय आहे, मुदतही आहे. पण बहुतेक चित्रकारांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असल्याने त्यांच्याकडून कुणी चलन मागत नाही, आणि कर नाही म्हणून कागदही नाही अशी समजूत पक्की झाली आहे. मग चित्र डिझायनरच्या ऑफिसात वर्षभर टांगलेले राहते. गॅलरी म्हणते विकलेले नाही. डिझायनर म्हणतो पैसे दिले. दोघांपैकी कोण खरे बोलते हे शोधायला चित्रकाराजवळ व्हॉट्सअॅपवरचा अंगठा तेवढा असतो.

नुकसानीची गोष्ट याहून सोपी आणि याहून वाईट. चित्र खराब होण्याची कारणे ठरलेली आहेत. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू आत ठेवली की रंगाला चिरा पडतात. ती बाहेर हवी आणि नळी जाड हवी. बबलरॅपचे फुगे रंगाला टेकवून बांधले की मुंबईच्या उकाड्यात फुग्यांचे गोल वळ जाड रंगावर उमटतात. आत बटर पेपर किंवा ग्लासीन (गुळगुळीत पातळ कागद) हवा, आणि फुगे बाहेरच्या बाजूला. काचेवर चिकटपट्टीची फुली मारली नाही तर रस्त्यात फुटलेली काच जलरंग कापते. माउंटबोर्ड (फ्रेममध्ये चित्राभोवती लावलेला पुठ्ठा) स्वस्तातला, आम्लयुक्त असेल तर काही वर्षांत कागदाच्या कडेला तपकिरी पट्टा येतो. पावसाळ्यात दिवसा एसी आणि संध्याकाळी सात वाजता तो बंद, असे रोज झाले की आर्द्रता वरखाली होते, कॅनव्हास सैल-ताठ होत राहतो, कागदावर बुरशी धरते. (सरकारी आणि महापालिकेच्या दालनांत हे हमखास घडते. वीजबिल वाचते, चित्र जाते.) जलरंगांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड नको, तैलरंगाला साधारण २०० चालतो. आपल्याकडच्या हॅलोजनखाली दोघांनाही सारखेच भाजले जाते.

पण नुकसान झाले हे सिद्ध कसे करायचे? चित्र आले तेव्हा कोपरा दुमडलेला होता की इथे दुमडला, याची नोंद नसते. विमा असतो तो दुकानाचा. त्या पॉलिसीत विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला दुसऱ्याचा माल वेगळा नोंदवला नसेल तर तो धरलाच जात नाही, आणि किंमत आधी ठरवून लिहिली नसेल तर विमा कंपनी कॅनव्हास आणि रंगाचा खर्च मोजायला बसते. गॅलरी कर्जात बुडून तिला टाळे लागले तर आतली चित्रे तिचा माल समजली जातात. १८७२ च्या करार कायद्यात ठेव म्हणून दिलेल्या वस्तूची काळजी घेण्याचे बंधन आहेच, पण वस्तू ठेवायला दिली होती हे आधी दाखवावे लागते.

याच कागदाच्या अभावातून पुढे नकली चित्रे जन्माला येतात. जानेवारी २००९ मध्ये चित्रकार एस. एच. रझा दिल्लीत आपल्याच सुरुवातीच्या कामांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रे आपली नाहीत असे त्यांना सांगावे लागले. २०११ मध्ये कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून लावलेली वीस चित्रे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोटी ठरवली. नकली काम ओळखणारा जाणकार आधी चित्र उलटे करतो. जुन्या कॅनव्हासच्या कडेला खिळे हवेत तिथे स्टेपल का, चौकटीच्या लाकडावर धूळ सगळीकडे एकसारखी का बसलेली, सही चिरांच्या वरून गेली आहे की चिरा सहीमधून, गॅलरीचे जुने लेबल कुठे. पण या सगळ्याहून भक्कम पुरावा म्हणजे चित्राचा प्रवास : कोणत्या वर्षी कुठे दाखवले, कोणी घेतले, बिल क्रमांक काय. आज चाळिशीत असलेल्या चित्रकारांच्या कामांची चाळीस वर्षांनी हीच दशा होणार, कारण आज ती नोंद कोणी ठेवत नाही.

पुनर्विक्रीतला हिस्साही याच कारणाने अडला आहे. कॉपीराइट कायद्याचे ५३अ हे कलम १९९४ च्या दुरुस्तीने आले. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा वारसांना हिस्सा, जास्तीत जास्त १० टक्के. दर ठरवण्याचे काम ज्या कॉपीराइट मंडळाकडे होते ते आधी बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झाले आणि २०२१ मध्ये ते मंडळही गेले. कलम नुसते पुस्तकात आहे. आपण त्याबद्दल केंद्राला लिहावे अशी विनंती आहे, पण हिस्सा मागायला पहिली विक्री कागदावर असावी लागते, आणि ती जबाबदारी इथलीच.

जिल्ह्यांतल्या नव्या चित्रकारांचे एक वेगळे दुखणे आहे, त्यावर थोडे थांबतो. एखादा ‘आयोजक’ भाड्याचे दालन स्वतःच्या नावाने घेतो आणि भिंत फुटांनी विकतो. प्रत्येक चित्रामागे प्रवेशशुल्क, वर प्रमाणपत्र, मानचिन्ह, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार. समजा वीस जणांकडून प्रत्येकी ६,००० घेतले तर १,२०,००० जमतात, भाडे आणि हार-तुरे वजा जाता बाकी त्याचे, आणि एकही चित्र विकले गेले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. म्हणूनच तो गिऱ्हाईक बोलावण्याची तसदी घेत नाही. उद्घाटनाच्या फोटोत दिसतात ते चित्रकारांचेच नातेवाईक. समूहप्रदर्शनांवर बंदी नको, चार मित्रांनी भाडे वाटून घेण्याची रीत जुनी आणि चांगली आहे. बुकिंगच्या अर्जावर कोणाकडून किती शुल्क घेतले एवढे लिहायला लावले आणि ते दाराशी चिकटवले, की पुरे.

आपल्या हातात काय आहे? खासगी गॅलऱ्यांवर नवा परवाना लादावा असे आम्ही म्हणत नाही, त्यातून दलालांची आणखी एक फळी उभी राहील. आपल्या विभागाकडे पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आहे, तिथे कलादालन आहे. तिथल्या बुकिंग अर्जाला कराराचे हे एक पान जोडा. नंतर विभाग ज्या प्रदर्शनाला पैसे देतो, त्या अनुदानाच्या अटीत घाला. राज्य कला प्रदर्शन भरवणारे कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाखाली येते, म्हणजे आपल्या नाही. त्या विभागाला एक पत्र लागेल. सरकार स्वतः चित्र विकत घेते तेव्हाही हेच पान भरावे. दिल्लीच्या विज्ञान भवनातले शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवले गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते परत द्यायला आणि पाच लाख भरपाई द्यायला लावले. विकत घेतल्यावर वस्तू आपली होते, कॉपीराइट आणि कलावंताचा मान आपला होत नाही, हे सरकारी कार्यालयांनाही लिहूनच कळते.

पानावर हवे ते असे. चित्राचे नाव, वर्ष, माध्यम, सेंटिमीटरमधले माप, पुढचा-मागचा फोटो, येतानाची अवस्था. विक्रीची किंमत, करासह की कराविना. कमिशन किती टक्के आणि सूट कोण सोसणार, कमाल किती. फ्रेम, वाहतूक, विमा कोणाचा, विम्यासाठी ठरलेली किंमत. बिल कोणाच्या नावाने. गिऱ्हाईकाचे पैसे आल्यापासून ३० दिवसांत चित्रकाराला रक्कम, हप्त्याने आले तर प्रत्येक हप्त्यातून. पसंतीसाठी चित्र बाहेर गेले तर कोणाकडे, किती दिवस. न विकलेले चित्र कधी आणि कोणाच्या खर्चाने परत. छापण्याचा हक्क दिला असेल तर कशावर आणि किती काळासाठी, कारण लेखी नसेल तर तो दिलाच जात नाही, आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. शेवटी एक ओळ : चित्र विकले गेल्यास घेणाऱ्याचे नाव चित्रकाराला कळवले जाईल. या ओळीला गॅलऱ्या सर्वांत जास्त विरोध करतील, गिऱ्हाईक परस्पर चित्रकाराकडे जाईल या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही, तसे चित्रकार आहेत. म्हणून त्याखाली दुसरी ओळ हवी, की अमुक महिन्यांत त्या गिऱ्हाईकाला परस्पर विकल्यास गॅलरीचे कमिशन द्यावे लागेल.

दोन प्रती, दोघांच्या सह्या. मराठीतला नमुना पाठपोट एका पानात बसतो, तो या पत्रासोबत जोडला आहे.

आपले,
मुंबई, पुणे व कोल्हापूर येथील काही चित्रकार, फ्रेम करणारे आणि कलादालनांतले कर्मचारी