सुजेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नका

संपादक महोदय,

गेल्या जुलैत माझे धाकटे दीर हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आले. चपलेच्या पट्ट्याने पायाच्या करंगळीजवळ खरचटले होते. बारा वर्षांचा मधुमेह. तिसऱ्या दिवशी पाऊल लाल, गरम, टम्म सुजलेले. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता ‘सुजेच्या गोळ्या’ पट्टी कापून दिल्या. दोन दिवसांत सूज ओसरली, ठणका थांबला, भाऊजी कामावर जाऊ लागले. आठवड्याने मी त्यांचा पायमोजा काढला तर करंगळी काळी पडलेली. साखर ४००च्या वर. उरलेल्या पट्टीवर नाव होते डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉईड. करंगळी काढावी लागली.

मी ३१ वर्षे सर्जिकल वॉर्डात परिचारिका होते, म्हणून राहवत नाही. लाली, सूज, गरमपणा, ठणका ही दाहाची चार लक्षणे रोमच्या सेल्ससने पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहेत. जखम झाली की तिथल्या पेशी हिस्टामिन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपते, म्हणून सूज येते. त्याच वाटेने पांढऱ्या पेशी काही तासांत जंतूंवर तुटून पडतात. स्टेरॉईड ही वाटच अडवते आणि वर साखर चढवते. जंतू आत मोकळेच.

दमा, संधिवात अशा आजारांत दाह आपल्याच शरीरावर उलटतो. तिथे स्टेरॉईडचा फार मोठा आधार असतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, काउंटरवरच्या मुलाने नाही. आयबुप्रोफेनसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्याही वयस्कांना सरसकट देऊ नयेत. त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकतात.

स्टेरॉईड तापही दडवते. म्हणून स्टेरॉईडवरच्या रुग्णाच्या चार्टवर ‘ताप नाही’ असे दिसले, की आमच्या हेडसिस्टर म्हणायच्या, “ताप नाही ना? मग ड्रेसिंग उघडून बघ.” तेव्हा कंटाळा यायचा. आज भाऊजींचा पाय आठवला की त्यांचेच शब्द कानात येतात.

वॉर्डात आम्ही लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून शेजारी तारीख-वेळ लिहायचो. हे घरीही करता येते. लाली रेघेपलीकडे सरकली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, रुग्णालय गाठा. मधुमेही माणसाने तर रेघेचीही वाट पाहू नये. पाय सुजला त्याच दिवशी दाखवावा.

– एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई