नाताळच्या जहाज सहलीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, यंदाचा नाताळ आपण मुंबई-गोवा जहाजावर सहकुटुंब साजरा करणार असून, प्रत्येकाने २४ डिसेंबर रोजी दुपारी १२ वाजेपर्यंत बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर मुलांच्या ओळखपत्रांसह हजर राहावे.

केबिनमध्ये मेणबत्ती, इस्त्री किंवा विजेची किटली नेण्यास सक्त मनाई आहे. गव्हाणीसाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) सेलवर चालणारे छोटे दिवेच आणावेत. घरचे पदार्थही जहाजावर नेता येणार नाहीत. नेवऱ्या आणि कुलकुलांचे डबे आठवडाभर आधीच भरून ठेवणाऱ्या वसईच्या आपल्या भगिनींना हे जड जाईल, याची जाणीव आहे, म्हणून तो फराळ टर्मिनलबाहेरच सर्वांनी मिळून खावा.

सुटण्यापूर्वी होणाऱ्या सुरक्षा सरावाला आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सर्वांनी यावे. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जण दगावले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा हा सराव झालेलाच नव्हता. आपल्या मुलांना जीवरक्षक जाकिटाचे बंद स्वतः बांधून दाखवावेत.

किनारा मागे पडताच मोबाईलचे नेटवर्क जाते. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना शुभेच्छांचे फोन त्याआधीच करावेत.