ऑपरेशन योजनेतून होईल, त्याच्या आधीचं आणि नंतरचं गावानं उचलायचं आहे

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावातल्या तीन माणसांची कॅन्सरची ऑपरेशनं दिवाळीनंतर मुंबईत होणार आहेत. दोघांना तोंडाचा कॅन्सर आहे, एका ताईला स्तनाचा. तिघांच्या घरच्यांना विचारून हे आवाहन लिहिलं आहे. नावं मुद्दाम घातलेली नाहीत. गावात ती सगळ्यांना ठाऊक आहेत; सुरत, नाशिक, पुण्याला असलेल्यांनी घरी फोन करून विचारावीत.

वर्गणीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ऑपरेशन तर फुकट होतं ना? होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन त्यात येतं. तिघांची रेशनकार्डं, आधारकार्डं आणि बायोप्सीचे कागद मंडळाच्या पोरांनी जुळवून दिले आहेत. पण योजना मुख्यतः दाखल असतानाचा खर्च उचलते. त्याच्या आधीचे तपासण्यांचे हेलपाटे, मुंबईतलं राहणं, सोबतच्या माणसाचं जेवण, घरी आल्यावरचं दूध-औषध आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कुठल्याच कार्डात बसत नाही. आजारी भावाची बायको परवा मंडळात येऊन एवढंच म्हणाली, "भाऊ, आप्रेशन ते व्हई जाई, पन तठे राहानं कोठे, खानं काय?" हे आवाहन तिच्या त्या प्रश्नासाठी आहे.

तोंडाच्या ऑपरेशनला माणूस तयार होऊन जावा लागतो. गाल किंवा जीभ दुखते, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही, म्हणून महिनोन्महिने खाणं कमी झालेलं असतं. अशा खंगलेल्या अंगावर टाके लवकर भरत नाहीत. म्हणून आत्तापासून त्यांच्या पोटात ताकदीचं अन्न गेलं पाहिजे: दूध, अंडी, मुगाचं घट्ट वरण, शेंगदाण्याचं कूट घालून केलेली पातळ लापशी, दुधात कुस्करलेली केळी. ज्याला साखर आहे त्यानं केळी आणि गोड डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, कारण ऑपरेशनच्या आधी साखर ताब्यात असणं फार गरजेचं असतं. दोघांनाही प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं, श्वासाच्या व्यायामाचं यंत्र दिलं आहे. त्यातून हवा आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. दिवसातून चार-पाच वेळा हे केलं आणि रोज चालणं ठेवलं, तर भूल उतरल्यावर छातीत कफ साचण्याचा धोका कमी होतो.

आणि तंबाखू. तो सुटलाच पाहिजे, तोही आजच. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी तंबाखू-विडी बंद झाली तर जखम चांगली भरते आणि फुप्फुसांचा त्रास कमी होतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठून येतात हे आपण सगळे जाणतो. पारावर बसणाऱ्यांना आणि टपरीवाल्या भावांना हात जोडून सांगणं आहे: या दोघांपुढे मळलेला तंबाखू धरू नका, मागितला तरी देऊ नका. "आता झालंच आहे, मग सोडून काय उपयोग" हे वाक्य त्यांच्या कानावर पडू देऊ नका. उपयोग आहे, ऑपरेशननंतरही आहे. ज्या बायाबापड्या मिसरी लावतात त्यांनीही या निमित्तानं विचार करावा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ ही सरकारची मोफत फोनसेवा आहे.

आणखी एक गोष्ट गावात फिरते, की चिरफाड केली की कॅन्सर पसरतो. हे खरं नाही. तोंडाच्या कॅन्सरवर ऑपरेशन हाच मुख्य उपचार आहे, आणि झाडपाल्यात दोन-तीन महिने गेले की गाठ तेवढ्यात मोठी होते. घरच्यांना आधीच भीती वाटते आहे. भेटायला जाल तेव्हा असं काही बोलून येऊ नका.

खरा कस ऑपरेशननंतर लागतो, आणि मंडळाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. तोंडातली जखम भरेपर्यंत नाकातून पोटात नळी असते. त्या नळीतूनच दर दोन-तीन तासांनी पातळ, गाळलेलं अन्न सिरिंजनं द्यायचं असतं. माणसाला टेकवून बसवायचं, आडवं असताना कधीच द्यायचं नाही, अन्न दिल्यावर थोडं पाणी सोडून नळी स्वच्छ करायची. नळी सरकली किंवा बाहेर आली तर आपण आत ढकलायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. मागे आपल्याच गावातल्या एका घरात नळीची धास्ती घेतली गेली. नुसतं पाणी आणि पातळ दूध जात राहिलं, माणूस झडला, जखम रेंगाळली आणि पुढचं रेडिएशन लांबलं. घरच्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांच्याजवळ बसून दाखवणारं कुणी नव्हतं. रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असं डॉक्टर बघतात, म्हणून हे दिवस वाया जाऊन चालत नाही. या वेळी गावातल्या आशाताईंनी आणि नर्सिंग शिकलेल्या दोन मुलींनी रोज घरी जायचं कबूल केलं आहे. त्यांना चांगला मिक्सर, बारीक गाळणी आणि सिरिंजा लागतील. कुणाकडे चालू मिक्सर जास्तीचा असेल तर तो द्यावा.

नळी निघाल्यावर तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत एकावर एक ठेवून हळूहळू वाढवायच्या असतात. तो दुखतो, म्हणून माणूस टाळतो, आणि टाळला की जबडा आवळतो. मानेतल्या गाठी काढल्या असतील तर खांदाही जड होतो, त्याचेही व्यायाम असतात. आपल्याकडचा काळा मसाला आणि ठेचा बराच काळ सोसणार नाही. रेडिएशन चालू असताना तर साधं वरणही झोंबतं. शेजारणींनी डबा देताना मिरची न घालता द्यावा.

ताईचं वेगळं आहे. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजण्याची भीती असते. व्यायाम सांगतील तेवढा करायचा. भारा, पाण्याच्या घागरी हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. त्या हाताला चिरा, ओरखडे पडू द्यायचे नसतात, आणि कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतातच. तिचं घर तिच्या वेचणीच्या मजुरीवर चालतं. तेव्हा या हंगामात तिच्या वाटची वेचणी आळीपाळीनं करून मजुरी तिच्या घरी देण्यासाठी बाया हव्या आहेत. काही जणींनी नावं दिली आहेत, अजून लागतील.

आता पैशांचं. सगळ्यात जास्त खर्च मुंबईतल्या मुक्कामाचा आहे, कारण रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतं. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची सोय होते, पण गर्दी खूप असते. परळ, दादर, लालबाग, कल्याणकडे आपली जी माणसं राहतात, त्यांच्यापैकी कुणी एक खोली थोडे दिवस देऊ शकलं तर ते हजारोंच्या देणगीपेक्षा मोठं होईल. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्याला त्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, तो मंडळ काढून देईल. जळगाव स्टेशनपर्यंत रात्री नेणं आणि परत आणणं मात्र आपल्याकडे आहे. नाकात नळी असलेल्या माणसाला एसटीच्या गर्दीत बसवायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं आहे. ज्यांच्या चारचाकी आहेत त्यांनी एकेक फेरी घ्यावी. डिझेल मंडळ देईल.

रक्तही लागेल. मुंबई-ठाण्यातल्या आपल्या तरुण पोरांनी नावं कळवावीत: वय १८ च्या वर, वजन ४५ किलोपेक्षा जास्त आणि शेवटचं रक्तदान होऊन तीन महिने झालेले असावेत, मुलींसाठी हे अंतर चार महिन्यांचं आहे.

देणगी रोख दिली तरी चालेल, १०० रुपयेही चालतील. कापूस मोजताना काट्यावरच पाच-दहा किलो मंडळाच्या नावानं बाजूला काढला तरी चालेल, व्यापाऱ्याशी बोलणं झालं आहे. ज्यांच्या गोठ्यात दूध आहे त्यांनी पैशांऐवजी रोजचा अर्धा लिटर बांधून द्यावा. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका, आणि मोबाइलवर कुणी फोटो फिरवून पैसे मागत असेल तर ते आमचं नाही. जमा-खर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. तिघांचं भागून काही उरलं तर ती रक्कम पुढच्या रुग्णासाठी त्याच खात्यात राहील.

सुरतची मंडळी धनतेरसला गावात येतात. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक ठेवली आहे. वही तिथेच असेल: पैसे, दूध, गाडी, खोली, रक्त आणि वेचणी अशी सहा पानं केली आहेत. ज्याला जे जमेल त्या पानावर नाव लिहावं. येता येणार नसेल तर घरच्या कुणाला तरी सांगून ठेवा.

आपलं,
ग्रामस्थ आणि तरुण मंडळ